तलावावरची साय

संशोधन संस्थेत तिला सगळे पेशीमावशी म्हणायचे. पहिल्यांदा कुणीतरी तसं म्हणालं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि म्हणणारा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. तेव्हा तिला राग आला होता. पुढं राग विरला, नाव तेवढं चिकटलं.

ती तिथं लागली एकोणिसाव्या वर्षी, बाटल्या धुवायला. आई-वडील लागोपाठ गेलेले, घरात चार वर्षांनी लहान भाऊ, त्यामुळे मिळेल ते काम धरणं भाग होतं. बाटल्या, काचेच्या बशा, नळ्या हे सगळं साबणात घासायचं, आम्लातून काढायचं, सहा वेळा विसळायचं आणि भट्टीत वाळवायचं. आतल्या खोलीत पेशी वाढवायचे. तिथं जायला तिला बंदी होती. दाराला हातभर काच होती, तिच्यातून ती जाता-येता बघायची: कोण नळी कशी धरतो, बशीचं झाकण किती उघडतो, कोण मध्येच नाक खाजवतो.

एकदा आतला संशोधक कावीळ होऊन पडला. पेशींना दिवसाआड खाद्य लागतं, ते चुकलं की संपलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत असताना ही म्हणाली, मी करते. पंधरा दिवसांनी तो परत आला तर पेशी त्यानं सोडल्या होत्या त्यापेक्षा टवटवीत. तेव्हाचे धाकटे सर, जे पुढं विभागाचे प्रमुख झाले, ते खूश होऊन म्हणाले, "आजपासून हात तुझे, डोकं माझं." ही गोष्ट तिनं घरी येऊन भावाला तीन वेळा सांगितली. त्यात आपला अपमान आहे हे कळायला तिला वीस वर्षं लागली.

तिच्या हाताखाली होत्या त्या चेतापेशी. मेंदूतून निरोप हातापायांपर्यंत पोचवणाऱ्या पेशी असतात, त्या जातीच्या. मोठ्या नाजूक. दार आपटलं, खाद्य गार राहिलं, एवढ्या-तेवढ्यावरून रुसायच्या. पण नीट सांभाळल्या की बशीच्या तळाला बसून हळूहळू तंतू सोडायच्या. एकीचा तंतू दुसरीला जाऊन टेकायचा, दुसरीचा तिसरीला, आणि आठवड्याभरात सगळी बशी एकमेकींचे हात धरून बसल्यासारखी दिसायची. ती सूक्ष्मदर्शकातून बघायची आणि मनातल्या मनात म्हणायची, झाली ओळखपाळख. संशोधक आले, पदव्या घेऊन गेले. त्यांच्या निबंधांच्या शेवटी आभाराच्या ओळीत तिचं नाव यायचं, एकदा चुकीचं छापलं, दोनदा राहूनच गेलं. तिनं लग्न केलं नाही. आधी भावाचं शिक्षण होतं, मग भावाचं लग्न होतं, मग विचारणारंच कुणी उरलं नाही.

भाऊ शिकला थोडंच. शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावावर तो कामाला लागला आणि तिथंच रमला. नाव वल्हवत जायचं, पाणी ओढून घेणाऱ्या मनोऱ्याच्या जाळ्या साफ करायच्या, वाहून आलेला कचरा काढायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलावावर हिरवा थर धरायचा, तो लांब दांड्याच्या झोळीनं ओढून काठावर टाकायचा. कोपरापर्यंत हात सदा पाण्यात. सोबतचे त्याला बदक म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. संध्याकाळी घरी आला की अंगाला ओल्या मातीचा नि कुजक्या गवताचा वास यायचा. बायको म्हणायची, आधी अंघोळ, मग तोंड दाखवा. तो म्हणायचा, "आमच्या तलावाला काय मस्त साय आलीय. चहात घालायची का?"

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत भावजयीचं शिवणयंत्र, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि जेवताना चौघं: ती, भाऊ, भावजय आणि त्यांची मुलगी. भाऊ बोलका, नकला करणारा. इंजिनिअर साहेब नावेत कसे बसतात, पाणी लागू नये म्हणून पँट कशी वर ओढतात, हे तो जेवता जेवता करून दाखवायचा. मुलीला ठसका लागायचा आणि भावजय त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

एका उन्हाळ्यात त्यानं कुत्र्यांची गोष्ट सांगितली. दोन भटकी कुत्री काठावर आली, सायीतून तोंड घालून पाणी प्यायली. तासाभरात त्यांचे पाय लटपटायला लागले, अंग ताठलं, श्वास अडकला आणि दोन्ही तिथंच गेली. कचेरीनं खड्डा काढून पुरली आणि 'पोहण्यास मनाई' अशी पाटी लावली. "कुत्र्यांना वाचता येत असतं तर वाचली असती," भाऊ म्हणाला.

तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं. सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. त्या हिरव्या थराला लोक शेवाळ म्हणतात, पण ते खरं म्हणजे जिवाणू, निळसर-हिरवे, उन्हात माजणारे, हे त्यांनी तिला फळ्यावर काढून दाखवलं. त्यातले काही विष तयार करतात. एक विष असं, की ते चेतापेशीच्या निरोपाची नक्कल करतं: स्नायूला सांगतं आवळ, आणि आवळलेला स्नायू मग सुटतच नाही. कुत्री बहुधा त्यानं गेली. दुसरी काही द्रव्यं संथ असावीत, अशी शंका. ती पेशींना काय करतात ते नीट कुणाला माहीत नाही. "मावशी, तुम्ही सोनं आणलंत," सर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्यापुढं चहाचा कप सरकवला तो त्या दिवशी.

नमुने हवे होते, दर पंधरा दिवसांनी, तलावाच्या सहा ठिकाणांहून. नाव कुणाकडं होती? बदकाकडं. पाणीखात्यानं परवानगी दिली आणि त्याला हे जादा काम लागलं. बाटल्या ती धुऊन वाळवून द्यायची, तो भरून आणायचा. घरातून निघताना त्यानं पिशवी खांद्याला लावली की म्हणायचा, "बघ, आता आपण दोघं शास्त्रज्ञ."

दोन वर्षं हे चाललं. तो सायीत हात घालून बाटल्या भरायचा, कारण थर जाड असला की बाटली दाबून बुडवावी लागायची. इकडं ती त्याच पाण्याचा अर्क, एक थेंब, बशीत सोडायची. त्या थेंबासाठी ती हातमोज्यांचे दोन जोड घालायची, एकावर एक, तोंडाला पट्टी बांधायची आणि काचेच्या पडद्यामागं बसायची. नियमच होता तसा.

पहिल्या दिवशी पेशींना काही व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी तंतूंवर बारीक गाठी दिसायच्या, मण्यांच्या माळेसारख्या. तिसऱ्या दिवशी तंतू मागं सरायचे. ज्या पेशीनं आठवडाभर खपून शेजारणीचा हात धरला होता ती तो सोडून द्यायची, गोल व्हायची, तळापासून सुटायची आणि पाण्यात तरंगायला लागायची. पेशीमावशी उरलेल्या मोजायची. शंभरातल्या एकसष्ट उरल्या. पुढच्या अर्काला चव्वेचाळीस. वह्यांमागून वह्या तिच्या अक्षरात भरल्या.

घरी तिनं भावाला सांगितलं, हातमोजे घालत जा. तो म्हणाला, कचेरीनं दिले की घालतो. तिनं पुन्हा दोन-तीनदा सांगितलं. तिच्या टेबलाखाली हातमोज्यांची खोकी एकावर एक रचलेली असायची. एक खोकं पिशवीत टाकून घरी आणावं हे तिला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण संस्थेतली पेन्सिलसुद्धा कधी घरी आणली नाही याचा तिला अभिमान होता, आणि तो अभिमान तिनं जपला.

अहवालाचा पहिला मसुदा तयार झाला तेव्हा आकडे वहीशी ताडून बघायला सरांनी तो तिच्याकडं दिला. शेवटच्या पानावर एक ओळ होती: तलावात उतरणाऱ्या माणसांनी कोपरापर्यंतचे हातमोजे घालावेत आणि साय काढताना तोंडाला पट्टी बांधावी. ती वाचून तिला हायसं वाटलं. आता कचेरी देईल. तिनं आकडे तपासले, दोन चुका सापडल्या त्या दुरुस्त केल्या आणि मसुदा परत नेऊन दिला. एक प्रत तिच्याजवळ राहिली, आकड्यांसाठी.

त्यानंतरच्या हिवाळ्यात भावाच्या हातून कप पडला. तो हसला, म्हणाला वय झालं. मग किल्ली फिरवताना अंगठा वळेना. मग शर्टाची गुंडी. एका रविवारी दुपारी तो बनियनवर बसून मुलीशी पत्ते खेळत होता. तिचं लक्ष त्याच्या दंडाकडं गेलं. हात स्थिर होता, पण कातडीखाली काहीतरी फडफडत होतं, थांबत होतं, दुसरीकडं फडफडत होतं. अंगठ्याच्या बुडाशी जिथं मांसाचा उंचवटा असतो तिथं खळगा पडला होता. ती उठून मागच्या खोलीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. घरातल्या इतर कुणालाही त्याचा अर्थ कळला नव्हता. तिला कळला होता.

मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी तिला आणि भावजयीला बसवून सांगितलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत चालल्यात. हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. औषधानं थोडा वेळ मिळेल, बरं होणार नाही. भावजयीनं विचारलं किती दिवस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षं, कदाचित तीन.

ती म्हणाली, "डॉक्टर, हे तलावामुळं झालं का?"

आणि तिनं सगळं सांगितलं: साय, बाटल्या, गाठी पडलेले तंतू, शंभरातल्या चव्वेचाळीस. डॉक्टरीणबाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अशी शंका इतरांनाही आली आहे. पण शंकाच. हा आजार तलाव न पाहिलेल्या माणसांनाही होतो, आणि आयुष्यभर तलावात राहिलेल्यांना होतही नाही. बशीतली पेशी म्हणजे माणूस नाही. मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही."

भावजय तिच्याकडं बघत राहिली होती. घरी येताना वाटेत ती एकच वाक्य बोलली. "बाटल्यांचं काम तुम्हीच आणलंत ना, ताई?"



पेशीमावशी तलावाच्या कचेरीत गेली. इंजिनिअर साहेबांनी बसायला सांगितलं, वाईट वाटल्याचं सांगितलं. तिनं विचारलं, हातमोजे का दिले नाहीत, अहवालात लिहिलं होतं. त्यांनी कपाटातून अहवाल काढला, शेवटचं पान उघडून तिच्यापुढं केलं. ती ओळ नव्हती. तिच्या जागी होतं: या विषयावर आणखी अभ्यासाची आवश्यकता आहे.

"आम्हाला जे लिहून येतं त्याप्रमाणं आम्ही चालतो," साहेब म्हणाले.

कुठं पाणी मुरलं हे तिला तिथंच कळलं. तरी तिनं सरांना विचारलं, कारण तीस वर्षं एका खोलीत काम केलेल्या माणसाला विचारल्याशिवाय दोष देणं तिला जमलं नाही. सरांनी दार लावून घेतलं. ते चिडले नाहीत, उलट थकलेले दिसले. पाणीखात्यानं त्या ओळीवर हरकत घेतली होती. लोक घाबरतील, उद्या नळाचं पाणी पिणार नाहीत. ओळ काढा, नाहीतर तलावावर पाऊल ठेवू देणार नाही. "तलाव गेला असता मावशी, तर सगळंच काम गेलं असतं. मी विचार केला, आधी पुरावा पक्का करू, मग जोरानं बोलू. विज्ञानाला वेळ द्यावा लागतो."

"माझ्या भावाला किती वेळ आहे ते डॉक्टरांनी सांगितलंय," ती म्हणाली.

सर म्हणाले की या खेपेच्या निबंधात तुमचं नाव लेखकांमध्ये घालतो, आभारात नाही, वर. एवढी वर्षं तिला ज्याची आस होती ते त्यांनी त्या क्षणी तिच्यापुढं ठेवलं. ती नको म्हणाली. मोठ्या आवाजात नाही, नुसतंच नको.

दुसऱ्या दिवशी तिनं जवळची मसुद्याची प्रत पाकिटात घातली आणि पाणीखात्याच्या वरच्या साहेबांकडं स्वतः नेऊन दिली. सोबत एक अर्ज, तिच्याच अक्षरात: भावाचं जे व्हायचं ते झालं, पण नावेवर आता जे चौघं आहेत त्यांना हातमोजे आणि बूट द्या. एवढंच.

संस्थेचं पत्र तिला आठ दिवसांत आलं. गोपनीय कागद बाहेर दिल्याबद्दल खुलासा करा. तिघांची समिती बसली. त्यातला एक जण तिच्याच हाताखाली बशी धरायला शिकला होता. तो सगळा वेळ टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडं बघत होता. तिनं केलं ते केलं म्हणून सांगितलं. तिला नोकरीवरून काढलं नाही, उदारपणे. पेशींच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि मागच्या बाजूला बाटल्या धुण्याच्या खोलीत बदली केली. दोन महिन्यांत आतल्या पेशींना बुरशी लागून सगळ्या बशा टाकून द्याव्या लागल्या असं तिला कुणीतरी येऊन सांगितलं. आनंद व्हावा म्हणून सांगितलं असावं. तिला तो झाला नाही.

हातमोजेही आले, तब्बल आठ महिन्यांनी. सगळे एकाच मापाचे, भलेमोठे. त्यात हात घातला की वल्हं धरता येत नव्हतं. चौघांनी ते नावेच्या कडेला अडकवून ठेवले.

भावाचं बोलणं आधी जड झालं, मग काहीतरी चोखत बोलल्यासारखं, मग नुसते आवाज. जेवण पातळ करून भरवावं लागे. भावजय शिवणयंत्र बंद करून दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. ती संस्थेतून आली की पुढचं सगळं ती करायची. दोघी एकाच माणसाचे हात आणि पाय उचलत होत्या, तो उचलताना एकमेकींना "हं, आता" एवढंच म्हणायच्या. मुलगी बापाजवळ बसून इंजिनिअर साहेबांची नक्कल करून दाखवायची, त्यानंच शिकवलेली.

त्याला एक नवीनच त्रास सुरू झाला होता. हसू यायचं. कारण असो नसो, एकदा आलं की थांबायचं नाही, श्वास कोंडून चेहरा लाल होईपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा आजाराचाच भाग, मेंदूचा लगाम सुटतो. पण तो मुळातच हसरा माणूस. समोर हसतोय तो भाऊ की आजार, हे तिला कधीच ओळखता यायचं नाही.

याच सुमारास सरांचा निबंध छापून आला. तिला कुणीतरी प्रत आणून दिली. शेवटी आभार होते: नमुने गोळा करण्यात साहाय्य केल्याबद्दल स्थानिक नावाड्याचे आभार. तिनं ते भावाला वाचून दाखवलं. तो हसायला लागला. हसत राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्या एका वेळी तिला वाटलं की हा नक्की भाऊच.

बोलता येईना तेव्हा तिनं एका पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली होती, ओळीनं, आणि खाली काना-मात्रा. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत जायची, हवं ते आलं की तो डोळे मिटायचा. असा एकेक शब्द व्हायचा. 'पाणी'. 'कूस'. 'पंखा'. एकदा त्यानं दहा मिनिटं खर्चून 'तुझा चहा वाईट' एवढं सांगितलं होतं.

एका दुपारी भावजय औषधं आणायला बाहेर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी आदल्या भेटीत पेशीमावशीला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. अशा माणसाच्या पाठीच्या कण्यातला आणि मेंदूतला थोडासा भाग, तो गेल्यावर, तपासायला मिळाला तर त्यात सायीतलं ते द्रव्य आहे का ते बघता येईल. एका माणसावरून सिद्ध काही होणार नाही, पण कुठंतरी सुरुवात होईल. तिला माहीत होतं की खरं उत्तर मिळालं तर तिथंच मिळेल. वह्यांमध्ये नाही, बशांमध्ये नाही.

ती त्याच्याजवळ बसली आणि तिनं त्याला सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं. मग विचारलं, "तुझी इच्छा काय आहे? तू म्हणशील तसं. द्यायचं का?"

तिनं पुठ्ठा समोर धरला आणि बोट फिरवायला सुरुवात केली. 'द'वर त्यानं डोळे मिटले. मात्रांच्या ओळीत एका मात्रेवर मिटले. दे. आणि तेवढ्यात त्याला हसू आलं. ते वाढत गेलं, श्वास अडकला, तिनं पुठ्ठा टाकून त्याला उठतं केलं, पाठ चोळली, तोंडातली लाळ पुसली. हसू ओसरलं तेव्हा त्याची मान एका बाजूला कलली होती. तो थकून झोपला.

दे. म्हणजे दे, देऊन टाक? की शब्द पुरा व्हायचा होता? 'देऊ नकोस'सुद्धा त्याच अक्षरानं सुरू होतं. उद्या विचारू म्हणून तिनं पुठ्ठा भिंतीला लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ताप भरला. छातीत कफ झाला होता. दवाखान्यात चार दिवस काढले, पण त्यानं पुन्हा डोळे उघडून नीट बघितलं नाही, आणि पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो गेला.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. त्या हळू आवाजात भावजयीशी बोलल्या, कारण सही तिची लागणार होती. भावजयीनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "माझ्या माणसाला कापायचं नाही," ती म्हणाली. "आणखी किती घेणार त्याचं? दोन वर्षं बाटल्या भरून दिल्या ना त्यानं?"

डॉक्टरीणबाईंनी पेशीमावशीकडं पाहिलं. ताईंनी समजावलं तर कदाचित, असं त्या नजरेत होतं. ती भिंतीला टेकून उभी होती. त्यानं 'दे' म्हटलंय हे वाक्य तिच्या जिभेवर आलं. ते बोलली असती तर भावजयीनं विचारलं असतं, नक्की? आणि नक्की ती म्हणू शकली नसती. खोटं बोलून नक्की म्हणायचं, तर बाटल्यांच्या वेळीही त्याच्या वतीनं तिनंच ठरवलं होतं. तिनं मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग कागदाची घडी केली आणि दुसऱ्या रोग्याकडं गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळे विधी उरकले.

महिन्याभरानं एका सकाळी भावजय शिवणयंत्राजवळ बसलेली असताना, मान वर न करता, म्हणाली, "ताई, त्या कागदाबद्दल ते तुम्हाला कधी काही बोलले होते का?"

"नाही," ती म्हणाली.

भावजयीनं मान हलवली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. त्या दोघी अजून त्याच घरात राहतात. एकमेकींचं औषधपाणी बघतात, भांडत नाहीत. मुलीचं लग्न दोघींनी मिळून केलं.

ती निवृत्त झाली त्या वर्षी सरांचा दुसरा निबंध आला, आधीच्याहून मोठा. या विषावर बोलायला त्यांना आता परदेशातून बोलावणी येत होती. चाळिसाव्या पानावर एक वाक्य होतं, की तलावावर काम करणाऱ्या माणसांमध्ये असा परिणाम झाल्याचा कोणताही थेट पुरावा आजवर मिळालेला नाही. ते तिनं आकडे तपासावेत तसं तपासलं, शब्द न शब्द. त्यात चूक नव्हती. तीस वर्षं ती इतरांच्या कागदांतल्या चुका काढत आली होती, आणि या वाक्यात तिला एकही काढता आली नाही, कारण पुरावा मिळू शकला असता त्या दिवशी खोलीत ती स्वतः हजर होती, आणि गप्प होती.